मोह, मिठागर आणि एमडी

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, रूळ आणि खाडी यांच्या मधे कोपरी वसली आहे. आज तिथे इमारतींची दाटी आहे. पण ब्रिटिश अमदानीत या खाडीपट्ट्यात सरकारची नजर होती ती मिठावर आणि दारूवर. मुंबई इलाख्यात कस्टम्स, मीठ, अफू आणि अबकारी यांचा कारभार एकाच आयुक्ताच्या हाती असे. म्हणजे नशा हा आधी महसुलाचा विषय होता, आरोग्याचा किंवा नीतीचा नंतर. ठाणे जिल्ह्याचा पुढचा इतिहास पाहता मला असं दिसतं की इथल्या कडक कायद्यांनी नशा फारशी हटवली नाही. ती कोणी गाळायची, कोणी विकायची आणि कोणी तुरुंगात जायचं, एवढं मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरवलं.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्यामागचा कर्ता माणूस म्हणजे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड. या व्यवस्थेत ताडीच्या झाडागणिक कर बसला आणि दारू गाळण्याचं काम उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांकडे एकवटलं. ताडामाडांवर जगणारा भंडारी कराखाली दबला. वारली-कातकऱ्यांच्या चुलीवरचं मडकं गुन्ह्याचा पुरावा ठरलं. तरीही चोरून गाळणं थांबेना, तेव्हा सरकारने थेट फुलालाच हात घातला. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावर बंधनं आली. मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. धान्य संपलेल्या महिन्यांत आदिवासी घरात तो पोटात जाई, गुरांपुढेही पडे. गंमत अशी की उरणच्या भट्ट्यांना लागणारा मोह गुजरातेतून येतच होता. फूल तेच, परवान्याच्या भट्टीत शिजलं तर महसूल, झोपडीत सापडलं तर गुन्हा. जंगलातल्या माणसाची दारू या कायद्याने सुटली नाही, तिच्यासाठी त्याला दुकानदाराचं देणेकरी मात्र व्हावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, हे मान्य केलं पाहिजे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा तिजोरी भरण्यासाठी नव्हता. त्याने तिजोरीला खड्डाच पाडला. पण प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळवणं ज्याला परवडे त्याची सोय झाली आणि बाकीच्यांची तहान खाडीकडे वळली. तिवरांच्या आडोशाला काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्ट्या लागल्या, रबरी ट्यूबांत भरून माल शहरात पोचू लागला, आणि ‘पहिल्या धारेची’ हा हप्त्यांवर चालणारा धंदा झाला. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, तरी हातभट्टी उरलीच. मग दोष बंदीचा कसा, असं कोणी विचारेल. दोष एकट्या बंदीचा नाही; परवान्याच्या बाटलीवर चढणारा कर मजुराला पुन्हा त्याच हातभट्टीकडे ढकलतो. २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती बहुतेक हातावर पोट असलेली.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. दारूविरोध हे काही सरकारचंच खूळ नाही. १८८०मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाढत्या दारू दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिलं होतं, आणि आजही ‘आडवी बाटली’साठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठी, मतदानाला उतरतात त्या बायका नशेचे घाव घरात सोसलेल्या असतात. त्यांना इतिहासाचे दाखले देऊन गप्प करता येणार नाही. पण त्यांच्याच मागणीवरून २०१५मध्ये चंद्रपुरात आलेली बंदी अवैध दारूच्या कारणाने २०२१मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३पासून कागदावर तरी टिकून आहे, आणि जिथे प्रत्यक्षात टिकते तिथे पोलिसांपेक्षा गावसंघटना आणि व्यसनमुक्तीचं काम तिला तोलून धरतं.

हा धडा १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात दिसत नाही. त्यात शिक्षा ठरते ती मुख्यतः जवळ सापडलेल्या वजनावर: हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत ‘अल्प’, अडीचशे ग्रॅमच्या वर ‘व्यापारी’. वजन सापडतं ते पुडी पोचवणाऱ्या पोराकडे. रसायन पुरवणाऱ्याच्या खिशात पुडी नसते. मेफेड्रोन, म्हणजे बाजारातलं एमडी, २०१५च्या फेब्रुवारीत या कायद्याच्या यादीत आलं. पुढच्याच वर्षी ठाणे पोलिसांनी उघड केलेल्या, इफेड्रिन या रसायनाच्या प्रकरणाचा माग सोलापूरच्या औषध कारखान्यापर्यंत गेला आणि टनांनी माल सापडला. २०२३मध्ये नाशिकजवळ आणि २०२४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एमडी तयार होत असल्याचं उघड झालं. इथे ना मोहाची झाडं लागतात ना तिवरांचा आडोसा. कारखाना, रसायनं आणि जाणकार माणूस एवढं पुरतं. कठोर शिक्षेची बाजू घेणारे म्हणतील, मोठे छापे याच कायद्यामुळे पडले. पडले, हे खरंच. पण याच कायद्याच्या ६४अ कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून मोकळीक आहे, आणि त्या कलमासाठी खाटा, समुपदेशक आणि पैसा छाप्यांच्या मानाने फारच थोडा येतो.