पडीची नोंद : करभारमापनाचें एक उपेक्षित साधन

जुन्या राजवटींतील करभार हलका होता कीं जड होता, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण ताळेबंद उघडतों, जमेची बेरीज घेतों, तिला बिघ्यांनीं किंवा कुळांनीं भागतों आणि निर्णय देऊन मोकळे होतों. आम्हींही अनेक वर्षें हेंच केलें. परंतु ही रीत अपुरी आहे, इतकेंच नव्हे तर कित्येक प्रसंगीं ती उलटा निर्णय देते, असें आतां आमचें मत झालें आहे. तें कां झालें, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

कर घेतल्यानें रयतेचें जें जातें तें सरकारांत जमा होतें. येथपर्यंत हिशेब सरळ आहे. रयतेचे तीन रुपये गेले, सरकारास तीन रुपये आले. परंतु कराच्या धाकानें जें शेत पेरलेंच नाहीं, जो माग चाललाच नाहीं, जो बैल घाट चढलाच नाहीं, त्याचा तोटा कोणाच्या जमेस धरावयाचा? तो रयतेचा तर गेलाच. सरकारालाही मिळाला नाहीं. जमेच्या सदरांत त्याचें नांव नाहीं, कारण जमा झालेल्या पैशाचीच तेथें नोंद होते. पाश्चात्य अर्थशास्त्रज्ञ या तोट्यास कराचा अतिरिक्त भार म्हणतात. ज्यूल ड्यूप्वी या फ्रेंच स्थापत्यविशारदानें रस्ते व पूल यांच्या उपयुक्ततेवर 1844 सालीं लिहिलेल्या निबंधांत त्याचें प्रथम मोजमाप केलें. पुढें हार्बर्गर या अमेरिकन पंडितानें 1964 पासून तेंच माप व्यवहारांतील करांस लावून दाखविलें.

आपल्याकडील शेताचें उदाहरण घेऊं. आंकडे केवळ समजुतीकरितां आहेत. तीन शेतें आहेत. बी, बैल व मजुरी वजा जातां पहिल्यांत दहा, दुसऱ्यांत सहा आणि तिसऱ्यांत दोन रुपये उरतात. सरसकट तीन रुपये धारा बसविला तर तिसरें शेत पड राहील. सरकारास सहा रुपये येतील व दोन रुपये कोणाचेच नाहींत असे नाहींसे होतील. आतां धारा सात रुपये केला असें समजा. पहिलेंच काय तें वाहीत राहील. सरकारास सात रुपये आले, आणि दुसरें व तिसरें मिळून आठ रुपये मातींत गेले. म्हणजे धारा दुपटीहून अधिक वाढवून सरकारानें एक रुपया मिळविला व सहा रुपयांचा नवा नाश केला. ताळेबंद मात्र सांगेल कीं जमा सहाची सात झाली.

शेतें पुष्कळ असलीं म्हणजे प्रत्येकाची शिल्लक मोजीत बसावें लागत नाहीं. करामुळें सुटलेल्या जमिनींपैकीं अगदीं निकस जमिनीची शिल्लक जवळजवळ शून्य असते, आणि सर्वांत चांगलीची धाऱ्याला किंचित् कमी. म्हणून सरासरी धाऱ्याच्या निम्मी धरावी. धाऱ्याचा दर गुणिलें सुटलेलें क्षेत्र, त्याचें अर्ध, हा नाशाचा आंकडा. वरच्या उदाहरणांत सात गुणिलें दोन, त्याचें अर्ध सात येतें. खरा नाश आठ होता. एवढ्या ओबडधोबड मापास हें पुष्कळ झालें. यांतच ड्यूप्वीचा सिद्धान्त आहे: कर दुप्पट केला म्हणजे सुटणारें क्षेत्रही साधारण दुप्पट होतें, आणि नाश चौपट होतो.

मनूनें सातव्या अध्यायांत जळू, वासरूं व भ्रमर यांचे दाखले देऊन राजानें थोडें थोडें घ्यावें असें सांगितलें आहे. आम्हीं हा श्लोक पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांना शिकविला आणि त्यांत केवळ दयाधर्म पाहिला. त्यांत गणितही आहे, हें ध्यानीं येण्यास निवृत्तीची वेळ यावी लागली.

या गणितास आपल्या प्रांतांतील जो दाखला सर्वांत चांगला लागू पडतो तो इंदापुरचा. 1818 नंतर कंपनी सरकारानें दख्खनची जमाबंदी हातीं घेतली, आणि थोड्याच वर्षांत प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे पाहणीचें काम आलें. हा गृहस्थ हेलिबरी येथील विद्यालयांत माल्थसच्या हाताखालीं शिकलेला. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा 55 हिस्सा सरकारचा, असें त्यानें ठरविलें. येथें सूक्ष्म विचार करणाऱ्या वाचकास शंका यावी. निव्वळ उत्पन्नाचाच हिस्सा घेतला तर जमीन पड कां राहावी? दोन रुपये शिल्लक असणाऱ्यानें एक रुपया सुमारें दीड आणा दिला, तरी चवदा आण्यांहून अधिक त्याला उरतात. तो पेरील. तत्त्व म्हणून प्रिंगलची योजना निर्दोष होती, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें; आणि तरीही तिनें तालुका उजाड केला.

कारण निव्वळ उत्पन्न ही वस्तु शेतांत दिसत नाहीं; ती कारकुनाच्या कागदावर दिसते. हाताखालच्या लोकांनीं उत्पन्नाचे आंकडे वाटेल तसे भरले. त्यांतच धान्याचे भाव उतरले, आणि धारा तर रोकड ठरलेला. दहा रुपयांचें पीक व सहा रुपये खर्च असतां शिल्लक चार आणि धारा दोन रुपये सवातीन आणे; भाव चौथाईनें उतरतांच पीक साडेसात रुपयांचें होतें. खर्च त्या वेगानें उतरत नाहीं असें धरल्यास शिल्लक दीड रुपयाच राहिली. धारा शिलकेहून मोठा झाला. आतां शेत टाकणें हाच शहाणपणा. पुढें मुंबई सरकारच्याच 1872-73 च्या अहवालांत त्या काळाचें वर्णन आलें आहे. वसुलासाठीं रयतेस यातना दिल्या गेल्या, लोक घरें सोडून शेजारच्या संस्थानांत गेले, आणि कांहीं भागांत लागवडीजोग्या जमिनीचा तिसरा हिस्साच काय तो लोकांकडे राहिला, अशी ती कबुली आहे.

1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुरांत नवी पाहणी सुरू केली. निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नाद त्यांनीं सोडला. मातीचा रंग व खोली पाहून शेतांची प्रत आण्यांत लावावी, मागील वसूल व एकंदर स्थिति पाहून तालुक्याचा आकार ठरवावा, तो हलका ठेवावा, आणि तीस वर्षें त्यास हात लावूं नये, अशी ही रीत होती. या मुदतींत रयतेनें विहीर खणली तरी धारा वाढावयाचा नाहीं. आमच्या मतें दर कमी करण्याइतकेंच या शेवटल्या कलमास महत्त्व आहे. कारण माणसाच्या नव्या उद्योगावर जो कर वाढत नाहीं तो कितीही घेतला तरी उद्योग थांबवीत नाहीं. पड जमीन हळूहळू लागवडीस आली. तथापि त्याचें सारें श्रेय धाऱ्यास देणेंही बरोबर नाहीं. शांतता, रस्ते, वाढती लोकवस्ति, पुढें चढलेले भाव, यांचाही वांटा त्यांत आहे. तो वेगळा कसा काढावयाचा, ही या विषयांतील खरी अडचण होय.

इंग्लंडांतील खिडक्यांच्या करावरून ती अडचण कशी सोडवितां येते हें कळतें. हा कर 1696 सालीं बसला आणि 1851 सालीं उठला. 1747 पासून दहा ते चौदा खिडक्यांच्या घरास दर खिडकीस 6 पेन्स, पंधरा ते एकोणीस असल्यास 9 पेन्स, व वीस किंवा अधिक असल्यास 1 शिलिंग असा दर झाला. मौज अशी कीं दहावी खिडकी उघडतांच दहाही खिडक्यांवर कर बसे, म्हणजे त्या एका खिडकीपायीं 5 शिलिंग पडत. ओट्स व श्वाब या दोघां अभ्यासकांनीं 2015 मध्यें लडलो गांवच्या 1747 ते 1757 मधील करपटांतील 493 घरें तपासून प्रसिद्ध केलीं. नऊ, चौदा व एकोणीस खिडक्यांच्या घरांची तेथें गर्दी दिसली. अशा उंबरठ्यावर अडलेल्या घरांपुरता हिशेब करतां, दिलेल्या दर पौंडामागें आणखी सुमारे शेंकडा 62 इतका तोटा अंधार व कोंदटपणा यांच्या रूपानें त्यांनीं सोसला, असें त्यांचें अनुमान आहे. दर अचानक जेथें चढतो त्या पायरीशीं लोक काय करतात तें पाहावें, म्हणजे इतर कारणें आपोआप बाजूला पडतात.

अशी पायरी आपल्या दफ्तरांतही आहे. ती म्हणजे इस्तावा. पड जमिनीस कौल देतांना पहिल्या वर्षीं नाममात्र धारा, मग दरसाल चढत जाऊन कांहीं वर्षांनीं पूर्ण दर, ही पद्धति आपल्या संशोधकांच्या पूर्ण परिचयाची आहे. पूर्ण दर लागूं झाल्याच्या वर्षीं उपरी कूळ टिकलें कीं दुसऱ्या गांवीं नवा कौल घेऊन गेलें? मिरासदार जन्मभूमीस बांधलेला, उपरी मोकळा. तेव्हां एकाच दराचा नाश दोघांच्या बाबतींत निराळा येईल. हें कागदांवरून मोजतां येण्यासारखें आहे. मोहतर्फ्याचेंही तसेंच. तो कर आपल्या इलाख्यांत 1844 च्या एकोणिसाव्या कायद्यानें उठला, म्हणजे ड्यूप्वीचा निबंध निघाला त्याच सालीं. बंद पडलेल्या मागांची व घाण्यांची वर्षवार नोंद मिळेल तर तेथेंही हें माप चालेल.

येथें एक अपराध कबूल केला पाहिजे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याचे रुमाल आमच्याकडे चाळण्यास आले होते. आम्हीं शिक्क्याचीं पत्रें, निवाडे व सनदा निवडून त्यांच्या नकला केल्या. लावणी-पडीच्या याद्या व मुदत सरलेले कौल यांचे दोन गठ्ठे "किरकोळ" असें लिहून परत केले. त्यांत नवें काय असणार, असें वाटलें होतें. पुढें चौकशी केली तेव्हां सनदा जपून ठेवलेल्या आढळल्या आणि ते दोन गठ्ठे रद्दींत गेलेले. कागद ठेवणाऱ्यांचा यांत दोष नाहीं. "किरकोळ" हा शेरा आमच्या हातचा होता.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं कुळकर्णी दफ्तरें आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, थळझाडे, पडीच्या याद्या आणि इस्तावा कौल यांचे रुमाल फोडूं नयेत, व एकाच गांवचे कागद सालवार क्रमानें एकत्र ठेवावे. सुट्या कौलाचा उपयोग थोडा. एखाद्या गांवची सलग दहापंधरा वर्षांची मालिका, मग तिच्यावर शिक्का असो वा नसो, कोणाजवळ असेल तर ती पाहण्यास आम्ही स्वतः येऊं, आणि नकल करण्याचा खर्चही आमच्याकडे राहील.