बाकी राहिलेली कुस्ती

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एक कथा आहे. रुसून निघून गेलेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग साहित्यविद्या देशोदेशी फिरते आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. साहित्याच्या अभ्यासकांना या गावाची ओळख बहुधा या विवाहामुळे असते, एका दीर्घ पाठलागाचा शेवट जिथे झाला ते ठिकाण म्हणून. माझ्या मनातले वाशीम मात्र वेगळे आहे. याच जिल्ह्यातल्या एका लहानशा गावच्या जत्रेत मी लहानपणी जी कुस्ती पाहिली, तिला शेवटच नव्हता.

दिवस कलला तरी दोघे पहिलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभेच होते. हलगीवाला थकला, माणसे उठू लागली आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. मी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारले, “आबा, जितलं कोन?” ते म्हणाले, “जितलं नाही कोनी, बापू. बाकी रायली.”

‘बाकी’ हा हिशेबवहीतला शब्द. बरोबरीत सुटलेली कुस्ती म्हणजे दोन माणसांच्या नावावर शिल्लक राहिलेली रक्कम, आणि पुन्हा होणारी कुस्ती म्हणजे तिची फेड, असा या शब्दामागचा समज असावा. गेल्या शतकातील काही गाजलेल्या फेरलढतींकडे पाहताना मला हा समज पुनःपुन्हा तपासून पाहावासा वाटतो. फेरलढतीने खरोखर बाकी फिटते का?

या विषयाची सुरुवात गामा पहिलवानापासून करावी लागते. 1910 साली गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्ल लंडनला गेले. तिथे गामाने अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला हरवले, तर इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चीत केले. 10 सप्टेंबर रोजी गामापुढे पोलंडचा स्टानिस्लाउस झिबिस्को उभा राहिला. ‘जॉन बुल’ नावाचा पट्टा या कुस्तीच्या पैजेस लागलेला होता. झिबिस्को देहाने अवाढव्य होता, पण सुरुवातीलाच खाली गेल्यावर तो गादीला जो चिकटला तो जवळजवळ तसाच राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवू पाहत होता आणि झिबिस्को उलटत नव्हता. प्रेक्षक कंटाळले, वृत्तपत्रांनी झिबिस्कोची टर उडवली आणि कुस्ती अनिर्णित राहिली. आठवड्याने, 17 सप्टेंबरला, ती पुन्हा ठरली. त्या दिवशी गामा आला, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

पट्टा मिळाला म्हणजे निकाल लागला असे कोणीच मानले नाही. चितपटीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला गैरहजर प्रतिस्पर्ध्यावर मिळालेला विजय अपुरा वाटणे साहजिक आहे. ही बाकी अठरा वर्षे राहिली. दरम्यान 1921 साली झिबिस्को अमेरिकेत जगज्जेता झाला. गामा हिंदुस्थानात अजिंक्य राहिला. अखेर जानेवारी 1928 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या आश्रयाखाली दोघे पुन्हा भिडले आणि मिनिटाच्या आत झिबिस्कोची पाठ मातीला लागली.

अडीच तास आणि एक मिनिट यांतला हा विरोध इतका नाट्यमय आहे की आपण त्याची एक पक्की गोष्ट करून टाकली आहे. पारतंत्र्यातल्या देशाला अशा गोष्टीची गरजही होती. ज्या साम्राज्याच्या राजधानीत आपल्या मल्लाला निर्णायक विजय मिळू शकला नाही, त्या अपमानाचे उट्टे आपल्या मातीत काढले, असा तिचा आशय. मला ही गोष्ट नाकारायची नाही. लहानपणी ती ऐकताना माझीही छाती फुगली आहे. परंतु इतिहास म्हणून ती वाचताना दोन बाबी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की 1928 साली दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. 1910 साली त्या दोघांत श्रेष्ठ कोण होता हा प्रश्न त्या वयात सुटणे शक्यच नव्हते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. लंडनला गादी होती, पतियाळाला सैल माती होती. ज्या भूमीवर एक जण आयुष्यभर घुमला, तिच्यावर दुसरा पाहुणा होता. पाहुणेपण फक्त बाजू बदलून आले होते.

म्हणजे फेरलढतीने जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. तिने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्याच्या जागी नवा, सोपा प्रश्न ठेवला. मल्लविद्येतील ‘भूमी’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा लागतो. कोणत्या जमिनीवर, कोणत्या नियमांनी आणि किती वेळ, हे ठरल्याखेरीज ‘श्रेष्ठ कोण’ या वाक्याला अर्थच येत नाही.

याची प्रचिती गामाच्याच घराण्याला पुढे आली, आणि त्या घराण्याचा महाराष्ट्राशी एक जुना संबंध आहे. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहून आल्यावर कोल्हापूरला खासबाग मैदान बांधले. 1912 साली त्या मैदानावर पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. फाळणीनंतर हे घराणे पाकिस्तानचे म्हणून ओळखले जाऊ लागले. इमामबक्षाचा मुलगा अक्रम हा तिथला नावाजलेला पहिलवान होता.

जून 1976 मध्ये जपानचा अंतोनिओ इनोकी आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची टोकियोत एक विलक्षण झुंज झाली. भिन्न विद्यांच्या या झुंजीत इनोकी बराचसा वेळ जमिनीवर उताणा पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला आणि पंधरा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटला. लंडनला झिबिस्को पालथा राहून वाचला होता, टोकियोला इनोकी उताणा राहून. आपल्या आखाड्यात पाठ टेकणे म्हणजे पराभव, इथे तोच बचाव ठरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराचीत इनोकीपुढे अक्रम उभा राहिला. त्या रात्री इनोकीने त्याचा हात पिरगाळून निकामी केला. अवयव पिळून शरणागती घेण्याच्या त्या विद्येपुढे पेचात आणि ताकदीत मुरलेला हा पहिलवान पाहुणा ठरला. पतियाळात झिबिस्कोच्या वाट्याला जे आले, तेच कराचीत इमामबक्षाच्या मुलाच्या वाट्याला आले.

घराण्याने या पराभवाची फेड करायचे ठरवले. अक्रमचा पुतण्या झुबेर उर्फ झारा याला तयार करण्यात आले. जून 1979 मध्ये लाहोरला तो इनोकीशी लढला, तेव्हा तो विशीतही नव्हता. पाच फेऱ्या झाल्या आणि निकाल लागला नाही. मग इनोकीने स्वतःच त्या पोराचा हात धरून उंचावला. पुढे बऱ्याच वर्षांनी याच इनोकीने झाराच्या पुतण्याला शिक्षणासाठी जपानला नेले. झारा तोवर राहिला नव्हता, 1991 साली तो अकालीच गेला.

या तीन लढतींत सर्वांत कमी ‘निकाली’ ठरलेली लढत लाहोरची, आणि वैर तिच्यानेच संपले. पतियाळाच्या विजयाने अभिमान दिला, पण झिबिस्कोशी नाते जोडले नाही. कराचीच्या विजयाने तर फक्त सूड मागे ठेवला. लाहोरला गुण मोजले गेले नाहीत, पाठ टेकली नाही. एका प्रौढ मल्लाने समोरच्याचे देणे आपणहून मान्य केले, एवढेच झाले.

आजच्या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धा या जुन्या गोंधळातूनच जन्मल्या. 1993 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या विद्यांचे योद्धे एका पिंजऱ्यात उतरवले गेले, ते कोणती विद्या श्रेष्ठ हे एकदाचे ठरवण्यासाठी. पुढे वजनगट आले, फेऱ्या आल्या, गुण देणारे पंच आले. भूमी सर्वांसाठी एकच झाली. तरीही फेरलढती संपल्या नाहीत, उलट त्यांचाच मोठा बाजार झाला. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग असतात व दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. लंडन आणि पतियाळा यांच्यातला जुना वाद या रचनेत जणू नियम म्हणून गोठवला आहे. पण 2025 साली अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत वाद पेटला तो पाठ खरोखर टेकली की नाही यावरूनच. ज्या चितपटीला आपण निर्विवाद मानत आलो, तीही कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहावी लागते.

झिबिस्कोच्या गोष्टीला आणखी एक परिशिष्ट आहे. ‘नाइट अँड द सिटी’ या 1950च्या चित्रपटात त्याने ग्रेगोरियस या म्हाताऱ्या मल्लाची भूमिका केली. जुन्या, निर्मळ कुस्तीवर निष्ठा असलेला हा म्हातारा एका धटिंगणाशी अखेरची झुंज देतो, ती जिंकतो आणि त्या श्रमानेच मरतो. हे सारे घडते ते लंडनमध्ये. 17 सप्टेंबर 1910 रोजी ज्या शहरात तो आखाड्याकडे फिरकला नव्हता, तिथे चाळीस वर्षांनी, कथेतल्या माणसाच्या अंगाने का होईना, तो लढायला आला. इतिहासाच्या वहीत याची नोंद होत नाही, कारण ही फेड गामाला मिळाली नाही. पण इतिहासात जे फिटत नाही ते कथेत मांडून ठेवता येते, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

जत्रेतले ते दोघे पहिलवान पुन्हा कधी भिडले की नाही, मला ठाऊक नाही. मला आठवते ते एवढेच की कुस्ती सुटल्यावर एकाने वाकून मूठभर माती उचलली आणि दुसऱ्याच्या घामेजल्या पाठीला चोळली. शेजारचे आबा तेव्हा हसले होते. बाकी राहणे म्हणजे येणे-जाणे राहणे, हे त्यांना माझ्या आधीच कळले असावे.