गल्लीतून दिसणारे आकाश : प्रस्तावना

भूस्थिर उपग्रहावरून निघालेला संदेश सुमारे 36,000 किलोमीटर कापून येतो. वाटेत आयनांबर त्याला थोडा उशीर लावते, पण तो हिशेब बऱ्यापैकी बसवता येतो. खरी परीक्षा शेवटच्या शंभरेक मीटरांत असते : आपली घरे, गच्चीवरच्या टाक्या, रस्त्याकडेचे कडुलिंब. हा विषय त्या शंभर मीटरांचा आहे, आणि तो बीडमध्ये बसून उत्तम शिकता येतो.

एक उदाहरण घ्या. इस्रोच्या ‘नाविक’ या स्थाननिश्चिती प्रणालीत भूस्थिर उपग्रहाची एक जागा 83 अंश पूर्व रेखांशावर आहे. बीडहून ती दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, क्षितिजापासून सुमारे 66 अंशांवर येते. आता पेठ बीडसारख्या दाट वस्तीतली एखादी पूर्व-पश्चिम गल्ली डोळ्यांसमोर आणा. रुंदी सहा मीटर, दक्षिणेला नऊ मीटर उंचीचे घर, तुम्ही मधोमध उभे, मोबाइल जमिनीपासून दीड मीटरवर. उपग्रहाच्या दिशेने त्या घराचा कठडा सुमारे 67 अंशांवर दिसतो, म्हणजे उपग्रह जेमतेम आड गेला. अर्धा मीटर उत्तरेला सरका. कठडा 63 अंशांवर उतरतो आणि उपग्रह मोकळा होतो. एवढ्याला दहावीची त्रिकोणमिती पुरते.

पुढे मात्र गोष्ट रंगते. ‘नाविक’च्या 1176.45 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 25 सेंटिमीटर. ती कठड्यापाशी एकदम तुटत नाही, वळून थोडी खाली उतरते. समोरच्या भिंतीवर आपटून आलेली दुसरी लहर मागाहून पोचते. 15 मीटरांचा वळसा पडला की 50 नॅनोसेकंदांचा उशीर, आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊ शकतो. रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्या घराला विचारा, ही गल्ली किती दूर असते ते.

कॅनडात चुन लू यांनी 1985 मध्ये झाडांच्या सावलीतून येणाऱ्या संदेशाचे मॉडेल मांडले. 1991 मध्ये लुट्झ आणि सहकाऱ्यांनी उपग्रह मोकळा असणे आणि झाकला जाणे अशा दोन अवस्थांचे. दोन्ही मुळातून वाचावीत अशीच आहेत. पण त्यांतले आकडे तिकडच्या आकाशाचे. ओटावातून भूस्थिर उपग्रह 38 अंशांच्या वर दिसतच नाही. ते आकडे जसेच्या तसे मराठवाड्याला लावणे मला मान्य नाही. आपल्या गल्ल्यांचे आकडे आपणच काढायला हवेत.

अँड्रॉइड फोनवरही प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाची ताकद सेकंदागणिक नोंदवता येते. आधी टेपने गल्लीची रुंदी मोजा, घरांची उंची टिपा, मग नोंदी घेत चाला. पहिल्या प्रकरणातली सूत्रे त्या नोंदी समोर ठेवूनच वाचावीत.