पावाला घर नव्हतं

माझा पहिला पाव दगड झाला. सुरी चालेना म्हणून शेवटी किसणीवर किसला आणि कटलेटला लावायचा चुरा म्हणून संपवला. चूक अगदी साधी होती. यीस्ट ‘गरम पाण्यात’ भिजवा असं वाचलं होतं, आणि मी चहाच्या आधणासारखं पाणी घेतलं. यीस्ट जिवंत असतं, ५५-६० अंश सेल्सिअसला मरतं, हे नंतर कळलं. हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच पाणी हवं होतं.

आजी टेबलाशी बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, “आपल्या घरात पाव कधी झाला नाही रे.”

मला वाटलं, टोमणा मारला. पण ती माहिती देत होती. तिच्या लहानपणी पाव घरात यायचा तो कुणी तापाने पडलं तरच. तोही स्वयंपाकघरात न्यायचा नाही, बाहेरच्या खोलीतल्या फडताळात ठेवायचा. पडलेल्या माणसाने दुधात बुडवून खायचा आणि बशी वेगळी घासायची. का? तर “त्यात ताडी असते.” आणखी एक कारण ती हळूच सांगते, “आणि तो पायाने मळतात.”

दुसरं कारण तुम्हीही ऐकलं असेल. पायाने मळतात म्हणून पाव! मीही शाळेत असताना हे छातीठोकपणे सांगायचो. खरा उगम सरळ आहे: पोर्तुगीज भाषेत ब्रेडला ‘पाँव’ म्हणतात, त्यावरून पाव. आणि ब्रेडवाल्याला ते ‘पादेरु’ म्हणतात, त्यावरून गोव्याचा पोदेर.

पहिलं कारण मात्र खोटं नव्हतं.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. मुलूख भाताचा, आणि यांना हवा गव्हाचा ब्रेड. फक्त जेवायला नव्हे, चर्चमधल्या मिस्साच्या विधीलाही गव्हाचीच भाकर लागते. गहू बाहेरून आणता येत होता. अडलं ते पीठ फुगवण्यापाशी. तोडगा माडावर टांगलेला होता. माडाची पोय छेदून रेंदेर जो रस काढतो तो पहाटे गोड असतो आणि काही तासांतच फसफसायला लागतो, कारण हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट त्यातली साखर खायला घेतं. गोव्यात तिला सूर म्हणतात, आपण कोकणात माडी. ही सूर पिठात घातली की पीठ फुगतं. गोव्यातली सान्नं, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या वड्या, सुरेनेच हलकी होतात. म्हणजे गव्हाचा युरोपी ब्रेड कोकणच्या माडावर फुगला. आता बहुतेक पोदेर बाजारचं यीस्ट वापरतात आणि त्यामुळे चव गेली, असं गोव्यात कुठेही बसलात तरी कुणीतरी सांगतंच.

तर आजीच्या आईला जी भीती होती, ती नुसत्या ताडीची नव्हती. पाव म्हणजे बाटणं. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी गावाने प्यायलं, आणि गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. ती प्रत्येक ठिकाणी खरंच घडली की नाही हा वेगळा मुद्दा. पण असं घडू शकतं यावर लोकांचा विश्वास होता, एवढ्यानेच पुष्कळ काम होत होतं. पाणी प्यायलेल्यांना आपलीच माणसं परत घ्यायला तयार नसत. म्हणजे दरवाजा बाहेरच्यांनी ढकलला असेल, पण कडी घातली ती आतून. मला या गोष्टीत पावापेक्षा ती कडी जास्त दिसते.

आणि हे काही फक्त खेड्यातल्या अडाण्यांचं नाही बरं का. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांमध्ये टिळक होते, रानडे होते. हे घडवून आणणारे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावं पुढे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गदारोळ उडाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल खाल्ले. एक कप चहा आणि भट्टीतून निघालेलं एक बिस्किट! त्या मानाने आजीच्या घरची वेगळी बशी फारच सौम्य म्हणायची.

पण “आपल्या घरात पाव कधी झाला नाही” याचं एक कारण धर्माच्या बाहेरचं आहे. पाव कुणाच्याच घरात होत नसे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही तो पोदेराकडूनच येतो, सायकलचा भोंपू वाजला की. भट्टी तापवायला लाकूड लागतं, वेळ लागतो, आणि एकदा तापली की चार पावांसाठी ती कोण पेटवेल? खुद्द फ्रान्समध्ये कित्येक गावांत जमीनदाराची सामाईक भट्टी असे. लोकांनी पीठ तिथेच भाजून आणायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे. ती सक्ती संपली राज्यक्रांतीत. आपल्याकडे तवा आणि चूल होती, आणि त्यावर भाकरी उत्तम होत होती. भट्टी घालायचं कुणाला काय अडलं होतं?

घरी पाव करणं सोपं झालं ते दोन गोष्टींमुळे: घरातला ओव्हन आणि पाकिटातलं यीस्ट. चार्ल्स फ्लाइशमन नावाच्या माणसाने १८६८ च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीला दाबून वडी केलेलं यीस्ट विकायला सुरुवात केली. पण ती वडी थंड ठेवावी लागे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ताजा ब्रेड मिळावा म्हणून त्याच कंपनीने कोरडं, फ्रिजशिवाय टिकणारं यीस्ट काढलं. मी उकळत्या पाण्यात मारलं ते याच जातीचं. युद्धातून वाचलं आणि माझ्या ओट्यावर मेलं.

दुसऱ्या वेळी आजीने पिठात बोट घालून पाहिलं. “आंबोळीचं पीठ वर येतं तसंच की हे,” ती म्हणाली, आणि पातेलं उचलून जिथे ती आंबोळीचं ठेवते त्या कोपऱ्यात, शेगडीच्या मागे, टॉवेल गुंडाळून ठेवलं. दीड तासात पीठ दुप्पट. पाव बरा झाला. वरून जरा जास्त लाल.

तिसऱ्या वेळी यीस्ट संपलं होतं. आजीने आंबोळीच्या आंबलेल्या पिठातलं वाटीभर काढून दिलं. मैदा त्यात भिजवून रात्रभर ठेवला. सकाळी भाजला तर बसका आणि आंबटसर झाला, पण कापल्यावर आत जाळी पडलेली होती. आजीने कडेचा तुकडा घेतला, तूप लावलं आणि तिथेच ओट्याशी उभ्याने खाल्ला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.