लगाम कुणी विणला?

काऊबॉय म्हटलं की हॉलीवूडचा गोरा हिरो आठवतो. पण कच्च्या चामड्याची वेणी घालून त्याचा लगाम विणायची कला आली कुठून, हे पडदा सांगत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

कॅलिफोर्नियात 1769 पासून स्पॅनिश पाद्र्यांनी मिशन वसवली. मूलनिवासींनी घोड्यावर बसू नये, असा स्पॅनिश दंडक होता. पण गुरांचे कळप राखणार कोण? मग त्याच मूलनिवासींना घोडे दिले. (गरज पडली की दंडक वाकतो, आपल्याला हे नवं नाही.) कातडं न कमावता केस खरवडायचे, गोल गोल फिरवत एकच लांब वादी कापायची, कडा तासायच्या, ओलसर असतानाच चार, सहा, आठ पदरी वेणी घालायची, वर चरबी चोळायची. लगाम असेच झाले, गुरं पकडायचा 60 फुटी 'रिआटा'ही. एक पदर सैल राहिला तर दोर तिथेच तुटणार.

आमच्याकडे कातड्याला हात लावणारा अस्पृश्य ठरला. तिथे कातड्याचा विटाळ नव्हता, तरी मिशनमधून पळणाऱ्याला फटके होतेच. 'पारंपरिक कौशल्याचा अभिमान बाळगा' असं शिकवणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न: ते काम सोडायची मुभा होती का?

'ला रिआटा'चं इंग्रजीत 'लॅरियट' झालं, 'वाकेरो'चं 'बकारू'. आणि विणणारे? कॅलिफोर्नियाच्या 1849 च्या राज्यघटनेने गुलामगिरी बंद केली. 1850 च्या कायद्याने 'भटका' ठरवलेल्या मूलनिवासीची मजुरी लिलावात काढली.