अपोबेक-३जी

माणसाच्या पेशींत रेट्रोव्हायरसांना अटकाव करणारे एक एंझाइम. त्याचे जनुक २२ व्या गुणसूत्रावर असून तेथे ए, बी, सी, डी, एफ, जी आणि एच अशी सात भावंडे शेजारी शेजारी बसलेली आहेत. उंदराकडे या घराण्यातले एकच जनुक आहे. 'अपोबेक' हे नाव अपोलिपोप्रोटीन-बीच्या आरएनएत फेरफार करणाऱ्या, आधी सापडलेल्या एका नातेवाइकावरून पडले. त्यामुळे डॉक्टरांना कोलेस्टेरॉलची तपासणी आठवते. प्रस्तुत एंझाइमाचा तिच्याशी संबंध नाही. प्रथिनात ३८४ ॲमिनो अम्ले व जस्ताचा अणू धरणारे दोन भाग आहेत. रासायनिक काम शेवटाकडचा भाग करतो. सुरुवातीकडचा भाग आरएनए पकडतो आणि नव्या विषाणुकणात शिरकाव मिळवून देतो.

शोध : एचआयव्ही-१ मधील व्हिफ हे प्रथिन कशासाठी असते, हे बरीच वर्षे कोडेच होते. व्हिफ काढून टाकलेला विषाणू काही टी-पेशींत बिनदिक्कत वाढे, काहींत मात्र अडे. 'सीईएम' या पेशीवाणात तो अडत असे. त्याच वाणापासून निघालेल्या 'सीईएम-एसएस' मध्ये अडत नसे. १९९८ मध्ये दोन्ही तऱ्हांच्या पेशींचा संकर करून पाहिला, तर संकरित पेशीही अडवणारीच निघाली. म्हणजे अडवणाऱ्या पेशीत कशाची उणीव नव्हती, उलट काहीतरी जास्तीचे होते. हे जास्तीचे, म्हणजे अपोबेक-३जीचे, जनुक २००२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲन शीही, मायकेल मॅलिम व सहकाऱ्यांनी वेगळे काढले. त्यांनी त्याला सीईएम-१५ असे नाव दिले होते; ते पुढे मागे पडले.

क्रिया : विषाणू ज्या पेशीत तयार होतो तेथे काही बिघडत नाही. एंझाइमाचे मोजके रेणू (एका कणात सरासरी सातेक) नव्या विषाणुकणात बसून पुढच्या पेशीत जातात. तेथे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनएचा पहिला धागा विणू लागला, की एंझाइम त्या धाग्यातल्या सायटोसीनचा ॲमिनो गट काढून टाकते. डीएनएच्या अक्षरांत सांगायचे, तर सी चा यू होतो. दुसरा धागा विणताना यू समोर ए बसतो. परिणामी विषाणूच्या मूळ जनुकीय मजकुरात जेथे जी होता तेथे ए दिसू लागतो. एंझाइमाची निवडही ठरलेली आहे : सी-सी अशी जोडी दिसली, की ते तिच्यातल्या दुसऱ्या सी वर जाते, म्हणून मजकुरातल्या जी-जी चे ए-जी होते.

हे एका शब्दात पाहता येते. ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाचा जनुकीय शब्द टी-जी-जी असा असून त्याला पर्यायी शब्द नाही. मधला जी बदलला, की टी-ए-जी होते, आणि टी-ए-जी म्हणजे 'थांबा'. प्रथिन तेथेच अर्धवट तुटते. विषाणूच्या मजकुरात असे अनेक ट्रिप्टोफॅन आहेत. एकाच फेरीत त्यातले कित्येक पूर्णविराम होऊन बसतात. कंपोझिटरने एकच खिळा सर्वत्र चुकीचा लावावा, तसा हा प्रकार आहे. याला अतिउत्परिवर्तन म्हणतात.

अक्षरे न बदलताही हे एंझाइम डीएनए विणण्याच्या कामात खोळंबा करते, असे काही प्रयोग दाखवतात. त्याचे प्रत्यक्ष शरीरातील महत्त्व किती, यावर एकमत नाही.

विषाणूचा प्रतिकार : १९२ ॲमिनो अम्लांचे व्हिफ एंझाइमाशी झुंजत नाही. पेशीतले निरुपयोगी प्रथिन मोडीत काढणारी जी यंत्रणा असते, तिच्याकडेच ते एंझाइमाला नेऊन देते. व्हिफ एका अंगाने या यंत्रणेतल्या इलाँगिन-सी व कलिन-५ यांना धरते, दुसऱ्या अंगाने अपोबेक-३जीला. मग त्याच्यावर युबिक्विटिनचे शिक्के बसतात आणि प्रोटिएसोम ते मोडून टाकतो. कलिन-५ चा भाग २००३ मध्ये कळला. या जुळणीला सीबीएफ-बीटा हे पेशीचेच आणखी एक प्रथिन लागते, हे २०११ मध्ये पुढे आले.

एंझाइमातील १२८ व्या जागी माणसात ॲस्पार्टिक अम्ल आहे, आफ्रिकी हिरव्या माकडात लायसीन. एवढ्याशा फरकामुळे एचआयव्ही-१ चे व्हिफ माकडाच्या एंझाइमाला धरू शकत नाही.

इतर रेट्रोव्हायरस : अपोबेक-३ घराण्यातल्या एंझाइमांना चुकवण्यासाठी फोमी व्हायरसांकडे बेट हे प्रथिन आहे. उंदराचा ल्यूकेमिया विषाणू ग्लायकोगॅगचा आधार घेतो. एचआयव्ही-२ कडे व्हिफ आहेच, शिवाय सॅमएचडी-१ या दुसऱ्याच एंझाइमाला मोडणारे व्हीपीएक्सही आहे. एचआयव्ही-१ मध्ये व्हीपीएक्स नाही.

भारत व महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग : भारतातील एचआयव्ही-१ बहुतांशी सी उपप्रकाराचा आहे, पण व्हिफवरील मूळचे बहुतेक प्रयोग बी उपप्रकारावर झाले. ही तफावत लहान नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील गटाने उत्तर भारतातील व्हिफचे नमुने तपासून २०१५ मध्ये बी/सी संकरित व्हिफची नोंद केली. कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव हा महामार्गाचा पट्टा साथीच्या नकाशावर ठळक होता : २००४–०६ च्या सुमारास कर्नाटकातील पाच जिल्ह्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, तीत एचआयव्हीबाधेचे बेळगावातील प्रमाण सर्वाधिक, सुमारे एक-तृतीयांश निघाले. सांगलीची संग्राम ही संस्था १९९२ पासून या विषयात आहे.

उपचार व तपासणी : व्हिफला रोखणारे आरएन-१८ हे संयुग २००८ मध्ये जाहीर झाले, त्यातून औषध झालेले नाही. सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) १ एप्रिल २००४ पासून मोफत आहे. बेळगावच्या कॅम्पातला रुग्ण असो की निपाणीतला, एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या गोळीत लॅमिव्हुडीन बहुधा असतेच. या औषधाला दाद न देणारा एक बदल (विषाणूच्या डीएनए विणणाऱ्या एंझाइमात १८४ व्या जागी मेथिओनीनऐवजी आयसोल्यूसीन) ए-टी-जी चे ए-टी-ए झाल्याने होतो, आणि त्या जी पुढे पुन्हा जी च असतो. म्हणजे हा बदल खुद्द अपोबेक-३जीही करू शकते. एंझाइमाचा अर्धवट मारा विषाणूच्या पथ्यावर पडतो का, हा वाद त्यातूनच निघाला आहे. रक्तपेशींतील डीएनए वाचून केलेल्या तपासणीत हा बदल दिसला, तर गोळी बदलण्याआधी त्याच मजकुरात 'थांबा' शब्दांची गर्दी आहे का, ते पाहावे. असल्यास तो विषाणू बहुधा आधीच मेलेला असतो.