‘तो’ म्हणजे कोण?
मुंबई विद्यापीठाच्या नियमांतील एका सर्वनामाची गोष्ट

विद्यापीठाची नियमावली कुणी आवडीने वाचत नाही. परीक्षेचे शुल्क, अर्जाची मुदत, सभेची गणसंख्या असल्या रुक्ष मजकुरात इतिहास दडलेला असेल, असे सहसा वाटत नाही. मला मात्र उलटे वाटते. संस्थेची ध्येये कळायची तर तिच्या पदवीदान समारंभातली भाषणे वाचावीत. तिचा स्वभाव कळायचा तर प्रवेशाचे नियम वाचावेत. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या नियमांत असाच एक धडा आहे. तिथे एका इंग्रजी सर्वनामाने स्त्रियांचे दार अडवून धरले होते, आणि पुढे ते उघडले तेही त्याच सर्वनामाचा अर्थ नव्याने लावून.

मूळ रचना आधी पाहू. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे काढावीत असे सुचवले. त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना हा कायदा मंजूर झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती, त्याच्याखाली कुलगुरू आणि सरकारने नेमलेले फेलो. या सर्वांची मिळून सिनेट, आणि रोजचा कारभार पाहणारी मोजक्या फेलोंची सिंडिकेट. पहिल्या फेलोंत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी ही नावे असली, तरी वजन युरोपियन न्यायाधीश, अधिकारी आणि मिशनऱ्यांचेच होते. परीक्षा, पदव्या आणि उमेदवारांची पात्रता यांविषयी नियम करण्याचा अधिकार याच मंडळाला होता. त्यावर सरकारची संमती लागे.

हे विद्यापीठ शिकवत नसे. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्यामुळे प्रवेशाचा दरवाजा एकच, मॅट्रिक्युलेशन. १८५९ मध्ये पहिली परीक्षा झाली तेव्हा शंभराहून अधिक मुले बसली आणि वीस-बावीसच पार पडली. त्यांतूनच १८६२ चे पहिले चार पदवीधर निघाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढच्या शंभर वर्षांत ‘मॅट्रिक’ हा शब्द मराठी घराघरांत मानाचा आणि धास्तीचा झाला, त्याचे मूळ इथे आहे.

आता कायद्याच्या प्रस्तावनेकडे येऊ. राणीच्या प्रजाजनांपैकी सर्व वर्गांच्या आणि सर्व पंथांच्या लोकांना उच्च शिक्षणाला उत्तेजन मिळावे, हा विद्यापीठाचा हेतू तिथे सांगितला आहे. शब्द उदार आहेत. पण ते मुंबईत जन्मलेले नाहीत. ते लंडन विद्यापीठाच्या सनदेतून आले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला तेव्हा अँग्लिकन पंथाबाहेरच्यांची अडचण होई. ती दूर करण्यासाठी लंडनने ‘सर्व पंथ’ असे म्हटले होते. १८५६ मध्ये जेसी मेरिटन व्हाइट या तरुणीने याच शब्दांवर बोट ठेवून लंडन विद्यापीठाला विचारले, की ‘सर्व वर्गां’त स्त्रिया येतात की नाही? विद्यापीठाने कायदेपंडितांचे मत घेतले आणि नकार कळवला. म्हणजे मुंबईच्या कायद्यात हे शब्द उतरले, त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचा अर्थ आकसून झाला होता.

‘सर्व वर्ग’ या शब्दांची कसोटी इकडेही लागली होती. त्याच १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. इतर मुले शाळा सोडतील या भीतीपुढे मुंबई सरकारने मान तुकवली. विद्यापीठाचा कायदा कोणत्याही जातीला मनाई करत नव्हता. पण मॅट्रिकला बसायचे तर आधी शाळेत बसता आले पाहिजे, आणि शाळेच्या उंबऱ्यावर कायद्याची प्रस्तावना कुणी वाचून दाखवत नसे. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले ते १९०७ मध्ये, विद्यापीठ स्थापन झाल्यावर पन्नास वर्षांनी.

स्त्रियांचा प्रश्न मुंबईत १८७५ मध्ये उभा राहिला. फिरोझा सोराबजी या मुलीला मॅट्रिकला बसू द्यावे, अशी विचारणा बेळगावहून विद्यापीठाकडे आली. सिंडिकेटपुढे पेच पडला. स्त्रियांनी परीक्षेला बसू नये, असे कायद्यात वा नियमांत कुठेही म्हटलेले नव्हते. उमेदवाराचा उल्लेख मात्र सगळीकडे ‘ही’ या पुल्लिंगी सर्वनामाने होता. ‘तो’ म्हटले म्हणजे पुरुषच, असा अर्थ लावला गेला आणि परवानगी नाकारली गेली.

येथे कायद्यातली एक मेख सांगितली पाहिजे. १८६८ मध्ये हिंदुस्थान सरकारने कायद्यांतील शब्दांचे अर्थ ठरवणारा एक सर्वसाधारण कायदा केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरावा, असे त्यात स्पष्ट होते. पण तो त्यानंतर होणाऱ्या कायद्यांना लागू होता. विद्यापीठाचा कायदा अकरा वर्षे आधीचा. मुलगी तारखेच्या पलीकडे राहिली. तिला बाहेर ठेवायचे असे ठरवून कुणी नियम लिहिला नव्हता. लिहिताना ती कुणाच्या डोळ्यांपुढेच नव्हती, आणि पुढे हाच विसर नियम म्हणून वापरला गेला.

मराठीच्या अभ्यासकाला इथे एक गंमत जाणवते. आपल्या सरकारी मराठीत ‘उमेदवाराने अर्ज करावा’ असे लिहिण्याची रीत आहे. या प्रयोगात क्रियापद अर्जामागे जाते. उमेदवार बाई आहे की बुवा, हे वाक्य सांगत नाही. नियम मराठीत असते तर सर्वनामाची सबब इतकी सहज सापडली नसती. अर्थात नकार द्यायचाच असेल तर दुसरी सबब मिळाली असती, हेही खरे.

तोवर बाहेर वारे बदलत होते. १८७८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या. त्याच वर्षी लंडननेही पदव्यांचे दार उघडले. १८८३ मध्ये चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी बसू कलकत्त्याच्या पदवीधर झाल्या. ज्या वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, त्याच १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने ठराव केला : नियमांत जेथे जेथे ‘तो’ असेल, तेथे तेथे दोन्ही लिंगांचा अर्थ घ्यावा. बस्स, एवढेच. १८५७ च्या मूळ कायद्याला हात लावावा लागला नाही. जो अधिकार १८८३ मध्ये वापरला, तो नियम करण्याचा अधिकार १८७५ मध्येही त्याच मंडळाच्या हाती होता. म्हणून मला वाटते, तेव्हाचा नकार कायद्याचा नव्हता, वाचणाऱ्यांच्या सवयीचा होता.

दार उघडले तरी तिथवर जाणारी वाट हवी होती. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत रानडे, भांडारकर आणि मोडक होते. पहिल्या चार पदवीधरांपैकी तिघे. ज्या दारातून आपण आत गेलो तिथवर मुलींना पोचवायचे, तर त्यांच्यासाठी इंग्रजी हायस्कूल हवे, हे या माणसांनी ओळखले. ‘केसरी’कारांनी या शाळेच्या अभ्यासक्रमावर केलेली टीका प्रसिद्धच आहे.

त्याच १८८४ मध्ये नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. तिच्या थोरल्या बहिणींना विद्यापीठाने परीक्षेला बसू दिले नव्हते. ती मात्र मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली, तीही पहिल्या वर्गात. तिच्या गुणांमुळे विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर तिचा हक्क होता. तो नाकारण्यात आला, कारण ती स्त्री होती. परीक्षेचा ‘तो’ बदलला होता, शिष्यवृत्तीचा बदलला नव्हता. इंग्लंडमधल्या हितचिंतकांच्या वर्गणीतून ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि खास परवानगीने १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. पदवी हातात पडायला १९२२ उजाडले.

शब्दापेक्षा वाचणारा मोठा, हे सिद्ध करणारे उदाहरण १९१६ चे आहे. रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीसाठी अर्ज केला. वकिलांविषयीचा कायदा १८७९ चा, म्हणजे १८६८ नंतरचा होता. ‘तो’मध्ये ‘ती’ धरण्याची सोय हजर होती. तरीही कलकत्ता हायकोर्टाने स्त्रीला वकील होता येत नाही असाच निर्णय दिला. केवळ स्त्री म्हणून कुणाला वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, असे १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून स्वच्छ शब्दांत लिहावे लागले, तेव्हा तो प्रश्न मिटला.

धोंडो केशव कर्व्यांनी वेगळा मार्ग धरला. पुरुषांसाठी लिहिलेल्या नियमांत स्त्रीला जागा मागण्यापेक्षा तिच्यासाठीच नियम लिहावेत, मातृभाषेतून शिकवावे, या विचाराने त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. त्याची किंमतही मोजावी लागली. त्या पदव्यांमागे कायद्याची मान्यता आली ती १९५१ मध्ये. दुसऱ्याच्या नियमांत शिरावे की आपले नियम करावेत, या दोन मार्गांत डावे-उजवे करणे मला जमत नाही. दोन्हींकडे बायकांची उमेदीची वर्षे खर्ची पडली, एवढे मात्र दिसते.

‘सर्वांसाठी खुले’ हे शब्द आजही प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतात. ते वाचताना माझे लक्ष आता प्रस्तावनेकडे कमी आणि दाखल्यांच्या यादीकडे, शुल्काच्या आकड्याकडे, अर्जाच्या भाषेकडे अधिक जाते. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते, आणि कोण नव्हते? १८७५ साली बेळगावहून आलेल्या त्या एका विचारणेचा अर्थ एवढाच होता.